एक किल्ली आणि शंभर कुलुपें

अरबी भाषेंतील सुरस गोष्टींपैकीं अलीबाबाची गोष्ट आमच्या बहुतेक बालवाचकांस ठाऊक असेल. त्या गोष्टींत गुहेचें दार एका शब्दानें उघडतें. चोर तो शब्द मोठ्यानें उच्चारतात, झाडावर लपलेला अलीबाबा तो ऐकतो, आणि चोरांचें द्रव्य त्याच्या हातीं लागतें. पुढें त्याचा भाऊ कासीम गुहेंत शिरतो. परंतु तेथील संपत्ति पाहून त्याची मति इतकी गुंग होते कीं, बाहेर पडतांना तो शब्दच त्यास आठवत नाहीं, आणि या विस्मरणापायीं तो प्राणास मुकतो. परवलीच्या शब्दाचे दोन्ही धोके या एका गोष्टींत आले आहेत. शब्द दुसऱ्याच्या कानीं पडला तर धन जातें. आपण विसरलों तर आपलेंच दार आपल्याला बंद होतें.

अलीबाबाची गुहा एकच होती. आपली स्थिति तशी राहिलेली नाहीं. विद्यार्थिमित्रहो, एखाद्या रविवारीं आईच्या किंवा वडिलांच्या शेजारीं बसून घरांतील खातीं मोजून पाहा. बँक, ई-मेल, विजेचें बिल, गॅसची नोंदणी, रेल्वेचें तिकीट, आयकराचें विवरणपत्र, भविष्य निर्वाह निधि, विमा, फी भरण्याचें संकेतस्थळ, दुकानांचीं ॲपें, आणि तुम्हां मुलांच्या खेळांचीं व अभ्यासाचीं खातीं तीं निराळींच. हातापायांचीं बोटें संपतात, तरी यादी संपत नाहीं. या प्रत्येक दाराला एक परवलीचा शब्द, ज्यास व्यवहारांत आपण पासवर्ड म्हणतों, तो लागतो. इतके निरनिराळे शब्द ध्यानांत ठेवणें मनुष्याच्या स्मरणशक्तीस झेपणारें नाहीं. त्यावर जो उपाय निघाला आहे, तो कसा निवडावा हें येथें सांगावयाचें आहे. आणि तें संगणकशास्त्र शिकलेल्यांकरितां नव्हे, तर ज्यांस त्या शास्त्राचा गंधही नाहीं अशा आईवडिलांकरितां व आजीआजोबांकरितां.

परवल हा शब्द मूळचा चौकीपहाऱ्याचा. पहारेकऱ्यानें हटकलें म्हणजे ठरलेला शब्द सांगावयाचा, आणि मग पुढें जावयाचें. संगणकाच्या दाराशीं हा पहारा बसविला तो अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत. तेथें १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच मोठा संगणक अनेकांनीं वांटून वापरण्याची व्यवस्था उभारली, आणि एकाचीं टिपणें दुसऱ्यानें चाळूं नयेत म्हणून प्रत्येकास एक शब्द नेमून दिला. गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं ॲलन शेर नांवाच्या एका संशोधक विद्यार्थ्यानें, आपल्या वांट्यास येणारा वेळ पुरत नाहीं म्हणून, सर्वांचे शब्द ज्या यादींत होते ती यादीच छापून घेतली! आणि १९६६ सालीं त्याच व्यवस्थेंत स्वागताचा मजकूर व शब्दांची यादी यांची अदलाबदल होऊन, जो कोणी संगणकापाशीं येई त्यास प्रथम सर्वांचे परवलीचे शब्दच वाचावयास मिळाले. ही विद्या ज्या घरांत वाढली, त्याच घरांत तिची पहिली चोरीही झाली.

तेव्हां शब्दांच्या याद्या चोरीस जातात, ही गोष्ट नवी नाहीं. आपण आपला शब्द कितीही जपला, तरी तो ज्या कंपनीस दिला तिनें तो जपला पाहिजे. आणि तें आपल्या हातीं नसतें. २००९ सालीं रॉकयू नांवाच्या एका अमेरिकन कंपनीकडून सुमारें ३ कोटि २० लक्ष शब्द चोरीस गेले. कंपनीनें ते कोणतीही कूटलिपी न वापरतां जसेच्या तसे लिहून ठेवले होते. पुढें अभ्यासकांनीं ती यादी तपासली, तेव्हां सर्वांत अधिक लोकांनीं जो शब्द निवडला होता तो शब्दच नव्हता. तो होता १२३४५६.

कोणी म्हणेल, "माझें एखाद्या खेळाच्या ॲपाचें खातें चोरानें उघडलें, तर तो नेणार काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु चोर त्या खात्याकरितां येतच नाहीं. त्याच्या हातीं तुमचा ई-मेलचा पत्ता व एक शब्द अशी जोडी आलेली असते. ती जोडी तो यंत्राकडून शेंकडों दारांना लावून पाहतो. किल्ल्यांचा जुडगा घेऊन सबंध आळींतील कुलुपें चांचपीत फिरावें, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं, यंत्रास थकवा येत नाहीं आणि आळी पृथ्वीएवढी असते. खेळाचा आणि ई-मेलचा शब्द एकच असला कीं संपलें. कारण ई-मेल हें सर्व घरांतील मधलें दार होय. कोणत्याही संकेतस्थळावर "शब्द विसरलों" असें कळविलें कीं नवा शब्द ठरविण्याचा मार्ग बहुधा ई-मेलवरच येतो. ज्याच्या हातीं ई-मेल, त्याच्या हातीं बाकीचीं बरीचशीं दारें. आपला ई-मेल पत्ता आजवर उघडकीस आलेल्या चोऱ्यांत सांपडला आहे काय, हें पाहावयाचें असल्यास ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं २०१३ सालीं सुरू केलेलें 'हॅव आय बीन पोन्ड' हें संकेतस्थळ आहे. तेथें फक्त पत्ता घालावयाचा असतो, शब्द नव्हे.

आतां, लोक एकच शब्द सर्वत्र कां लावतात? आळसानें, असें पुष्कळ तज्ज्ञ म्हणत आले. प्रस्तुत लेखकास हें मान्य नाहीं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेंत बिल बर नांवाच्या अधिकाऱ्यानें २००३ च्या सुमारास कांहीं नियम लिहिले: शब्दांत मोठें अक्षर हवें, आंकडा हवा, चिन्ह हवें, आणि शब्द वरचेवर बदलावा. जगभर कचेऱ्यांनीं ते शिरोधार्य मानले. परिणाम काय झाला, तर लोकांनीं मुलाच्या नांवापुढें एक चिन्ह व १२३ हे आंकडे जोडले, आणि बदलण्याची वेळ आली कीं १२३ चे १२४ केले! ही युक्ति चोरांसही ठाऊक असते. २०१७ सालीं त्याच संस्थेनें हे नियम बदलले. शब्द लांब असूं द्या, तो चोरीस गेल्याचा संशय नसतां उगाच बदलावयास लावूं नका, आणि परवलीची पेटी वापरणारांस अडवूं नका, असा नवा उपदेश झाला; आणि बर यांनींही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल त्याच वर्षीं उघड खेद व्यक्त केला. चौदा वर्षें ज्या नियमांनीं आपल्या आजीआजोबांस छळलें, ते नियमच सदोष होते. दोष विसरणाऱ्यांचा नव्हता.

ज्यास पासवर्ड मॅनेजर म्हणतात, त्यास आपण या लेखापुरतें परवलीची पेटी म्हणूं. ही पेटी म्हणजे फोनांत किंवा संगणकांत राहणारें एक ॲप होय. तें तीन कामें करतें. नवें खातें उघडतांना अक्षरें व आंकडे यांचा एक वेडावांकडा लांबलचक शब्द स्वतःच तयार करतें. तो जपून ठेवतें. आणि पुन्हां त्या दाराशीं गेलों कीं तो आपण होऊन भरतें. आजीला तो शब्द ठाऊक असण्याचीही गरज नाहीं. तिनें ध्यानांत ठेवावयाचा तो फक्त पेटीचा मुख्य शब्द.

या भरण्याच्या कामांत एक मोठा लाभ दडलेला आहे, आणि त्याची वाखाणणी पुरेशी होत नाहीं. ठगांची एक युक्ति अशी कीं, बँकेच्या संकेतस्थळासारखें हुबेहूब खोटें पान तयार करावयाचें, पत्त्यांत एखादेंच अक्षर फिरवावयाचें, आणि "तुमचें खातें आज बंद होणार" असा निरोप धाडावयाचा. घाबरलेल्या डोळ्यांस तें एक अक्षर दिसत नाहीं. परंतु पेटी पानाचें रूप पाहतच नाहीं. ती पत्ता ताडून पाहते. पत्ता जुळला नाहीं तर ती मुकाट बसते. खऱ्या पानावरही ती क्वचित् गप्प राहते, हें खरें. तथापि ती गप्प राहिली कीं आपण थांबावें, पत्ता निरखावा, आणि निरोपांतील दुवा सोडून बँकेचें स्वतःचें ॲप उघडावें. वृद्ध माणसांस सावधगिरीचीं दहा व्याख्यानें देण्यापेक्षां हा एक मुका पहारेकरी अधिक उपयोगी पडतो.

पेटी बंद कशी राहते, हेंही थोडें समजून घ्यावें. चांगल्या पेटींतील मजकूर तुमच्या स्वतःच्या फोनांतच कूटलिपींत बदलला जातो. त्याची किल्ली मुख्य शब्दापासून तयार होते, आणि ती करतांना तो शब्द लाखों वेळां दळून काढतात. तुमच्या फोनास या दळणाला क्षणभर पुरतो. पण चोरास प्रत्येक अंदाजागणिक तेवढेंच दळण दळावें लागतें, आणि तेथें त्याचा दम निघतो. कंपनीकडे राहतें तें फक्त कूटलिपींतलें बाड. म्हणून कंपनीस तें वाचतां येत नाहीं. आणि म्हणूनच तुम्ही मुख्य शब्द विसरलां, तर बहुतेक कंपन्यांस तो परत देतांही येत नाहीं. कासीमाची आठवण ठेवावयाची ती येथें.

"सारे दागिने एकाच पेटींत ठेवावे आणि ती पेटीच चोरानें उचलावी, मग काय?" हा आक्षेप प्रत्येक घरांत निघतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तसें घडलेलें आहे. २०२२ सालीं लास्टपास या प्रसिद्ध कंपनीकडून ग्राहकांच्या पेट्यांच्या नकला चोरीस गेल्या. शब्द कूटलिपींत होते. परंतु कोणत्या संकेतस्थळांचीं खातीं आहेत, ते पत्ते उघडे होते. जुन्या कांहीं ग्राहकांच्या पेट्यांना वर सांगितलेलें दळण फारच थोडें दिलेलें होतें. ज्यांचा मुख्य शब्द लांब व अनपेक्षित होता त्यांस पुष्कळसें संरक्षण राहिलें. ज्यांचा कच्चा होता त्यांस धांवपळ करून सर्व शब्द बदलावे लागले. यावरून पेट्याच नकोत असें ठरत नाहीं. एकच शब्द शंभर ठिकाणीं लावणें म्हणजेही दागिने एकाच जागीं ठेवणें होय; फक्त ती पेटी नसून उघडा ओटा असतो.

आतां निवडीचा मुख्य प्रश्न. वर्तमानपत्रांतून व अन्यत्र या पेट्यांचीं कोष्टकें येतात. कोणाला किती गुण, कोणांत किती सोयी. तीं बाजूस ठेवावीं असें आमचें मत आहे. घरांत ज्या व्यक्तीस या यंत्रांचें सर्वांत कमी कळतें, तिच्या हातीं फोन द्या. एक खातें पेटींत ठेवून दाखवा, आणि दुसऱ्या दिवशीं कांहीं न बोलतां शेजारीं बसा. तिनें तें खातें स्वतः उघडलें, तर ती पेटी तुमच्या घरास योग्य. तिनें फोन तुमच्याकडे सरकवला, तर ती पेटी कितीही नामांकित असो, महिन्याभरांत अडगळींत पडणार आणि जुना १२३ पुन्हां सिंहासनावर बसणार.

या परीक्षेंत बहुतकरून जी उतरते, ती पेटी आपल्या फोनांत आधींपासूनच असते. अँड्रॉइड फोनांत गूगलची आहे. आयफोनांत ॲपलची आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून तिला 'पासवर्ड्स' या नांवाचें स्वतंत्र ॲपही मिळालें आहे. नवें कांहीं उतरवून घ्यावें लागत नाहीं, पैसे पडत नाहींत, आणि "शब्द जपून ठेवूं काय?" असें फोन आपण होऊन विचारतो. ज्या मातोश्रींकडे एकच फोन आहे आणि सगळा व्यवहार त्यावरच चालतो, त्यांना दुसऱ्या पेटीच्या मागें लावणें हा निव्वळ उपद्व्याप होय. मात्र येथें फोनाचें कुलूप तेंच पेटीचें कुलूप. तें १२३४ किंवा जन्मसाल असेल तर पेटीला कडीच नाहीं म्हणावयाचें. शिवाय गूगलचें खातेंच हातचें गेलें तर तें परत मिळविण्यासाठीं चालू फोन नंबर व दुसरा ई-मेल नोंदविलेला असला पाहिजे. मुलांनो, हें काम पांच मिनिटांचें आहे. तें आजच करून द्या.

घरांत एकाचा आयफोन, दुसऱ्याचा अँड्रॉइड आणि मेजावर विंडोजचा संगणक असा मिश्र कारभार असेल तर ॲपलची पेटी पुरत नाहीं. ती अँड्रॉइडवर चालत नाहीं. अशा घरानें बिटवॉर्डनचा विचार करावा. ही पेटी २०१६ पासून आहे. वाटेल तितके शब्द, वाटेल तितक्या यंत्रांवर, विनामूल्य ठेवूं देते, आणि तिची घडण कोणाही जाणत्यास तपासतां यावी म्हणून खुली ठेवलेली आहे. रूप जरा रुक्ष आहे. आजोबांस पहिले चार दिवस हात धरून न्यावें लागतें. वनपासवर्ड ही कॅनडांतील कंपनीची पेटी दिसण्यांत व वागण्यांत अधिक सफाईदार आहे, परंतु वर्गणी भरावी लागते. तिच्यांत मुख्य शब्दाखेरीज आणखी एक लांब गुप्त किल्ली असते. ती कागदावर छापून जपावयाची. चोराच्या दृष्टीनें ही दुहेरी कडी फार भक्कम. पण ज्या घरांत कागद हरवतात तेथें ती धन्यालाच बाहेर ठेवील. वर्गणी जड वाटत नसेल, आणि कागद जपणारें कोणी घरांत असेल, तरच ती घ्यावी.

कीपास या पेटीचें नांवही कानावर येईल. डोमिनिक राइखल या जर्मन गृहस्थानें २००३ सालीं ती केली. विनामूल्य आहे, आणि तिचें बाड कोणत्याही कंपनीकडे न जातां आपल्याच यंत्रांत राहतें. जाणत्यांची ती आवडती आहे. परंतु ती आपल्या शेतांत विहीर खणण्यासारखी आहे: पाणी स्वतःचें, खरें, पण गाळ काढणें आणि पंप बिघडल्यास तो दुरुस्त करणें हेंही स्वतःच करावें लागतें. संगणक बिघडून बाडाची नक्कल काढावयाची राहिली असेल तर विहीर कोरडी. या लेखाच्या वाचकांस ती आम्ही सुचवीत नाहीं.

आणि वही? कागदी वहीचें नांव काढलें कीं तरुण मंडळी नाकें मुरडतात. त्यांनीं तसें करूं नये. ज्या आजीचीं पांच खातीं आहेत आणि जिचें लोखंडी कपाट सदा कुलुपांत असतें, तिनें प्रत्येक खात्याचा निराळा शब्द वहींत लिहिला तर साता समुद्रांपलीकडील चोरास ती वही उघडतां येत नाहीं. एकच शब्द डोक्यांत ठेवण्यापेक्षां निराळे शब्द वहींत ठेवणें शतपटीनें बरें. वही खोट्या पानास ओळखत नाहीं, पुरांत भिजते, आणि खातीं वाढलीं कीं अपुरी पडते, इतकेंच. मात्र फोनांतील टिपणवही, स्वतःलाच पाठविलेला व्हॉट्सॲपवरील निरोप, किंवा वहीच्या पानाचें छायाचित्र हीं वहीचीं भावंडें नव्हेत. तीं उघड्यावर टाकलेलीं पानें होत.

निवड करतांना आणखी एक गोष्ट पाहावी: या पेटींतून आपला माल सगळा एकदम बाहेर काढतां येतो कीं नाहीं. कंपन्यांचा नेम नसतो. मायक्रोसॉफ्टनें आपल्या ऑथेंटिकेटर या ॲपांतील परवलीची पेटी २०२५ च्या उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत टप्प्याटप्प्यानें बंद केली; ड्रॉपबॉक्सनेंही आपली पेटी त्याच वर्षीं बंद केली. ज्यांनीं वेळींच माल हलविला त्यांचें कांहीं अडलें नाहीं. वर सांगितलेल्या सर्व पेट्यांत ही सोय आहे. हलवितांना जें बाड निघतें तें बहुधा उघडें, कूटलिपीविना असतें. तें नव्या पेटींत भरल्याबरोबर पुसून टाकावें, कोणास ई-मेलनें धाडूं नये.

मुख्य शब्द कसा निवडावा? मनानें निवडूं नये. मन लगेच मुलाचें नांव, कुलदैवत किंवा लग्नाची तारीख पुढें करतें. आर्नल्ड राइनहोल्ड या अमेरिकन गृहस्थानें १९९५ सालीं एक साधी रीत काढली. पांच फांसे टाकावयाचे. पांच फांशांचीं दानें ७,७७६ प्रकारें पडूं शकतात, म्हणून तितक्याच शब्दांची यादी करावयाची, आणि दान पडेल तो शब्द उचलावयाचा. असें पांच-सहा वेळां केलें कीं पांच-सहा शब्दांचें एक वेडगळ वाक्य होतें. नुसते पांच शब्द घेतले तरी एकूण जुळण्या २८ वर अठरा शून्यें देऊन होणाऱ्या संख्येहून अधिक भरतात. शब्द साधे, पण त्यांची संगत कोणाच्याही तर्कांत न येणारी; हेंच तिचें बळ. मराठी घरांत ही यादी नसली तरी जाडजूड शब्दकोश असतो. डोळे मिटून पान उघडावें, बोट ठेवावें, आणि बोटाखालीं येईल तो पहिला सोपा शब्द घ्यावा. नावडता म्हणून टाकूं नये. समजा, पितळ, ओढा, मोहरी, खिडकी, टांगा असे शब्द आले. (हे छापून झाले, तेव्हां हेच कोणी घेऊं नयेत!) आजी त्यांची एक गोष्ट रचील, कीं पितळेचा टांगा ओढ्यांतून मोहरी घेऊन खिडकीशीं आला, आणि ती गोष्ट ती जन्मांत विसरणार नाहीं, फक्त शब्दांचा क्रम गोष्टींतल्याप्रमाणेंच धरावा.

येथें मराठी माणसाची एक खास अडचण आहे. मुख्य शब्द रोमन अक्षरांत घातलेला बरा, कारण परक्या संगणकावर देवनागरी कळा मिळतीलच असें नाहीं. परंतु "खिडकी" हा शब्द रोमन अक्षरांत तीन-चार रीतींनीं लिहितां येतो, आणि आज एका रीतीनें व सहा महिन्यांनीं दुसऱ्या रीतीनें लिहिला कीं पेटी उघडत नाहीं. म्हणून एकच रीत ठरवून ती कागदावर अक्षर-अक्षर लिहून ठेवावी. दुसरें असें कीं, पेटी रोज अंगठ्याच्या ठशानें उघडते, म्हणून मुख्य शब्दाचा अभ्यास सुटतो. आणि नवा फोन घेतला कीं नेमका तोच मागितला जातो. पहिले दोन आठवडे रोज आणि पुढें आठवड्यांतून एकदां तो हातानें घालावा.

बँकेच्या कार्डाचा व यूपीआयचा पिन हे पेटींत घालूं नयेत. ते थोडे असतात, डोक्यांतच असावेत. ओटीपी तर कोणासही सांगावयाचा नसतो, समोरचा माणूस स्वतःस बँकेचा म्हणवीत असला तरी. फसवणूक झालीच, तर घटकाभरही न दवडतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं अडविण्याची आशा पहिल्या कांहीं घटकांतच असते.

आतां ज्या गोष्टीचा उच्चार घरोघरीं टाळला जातो, तिच्याकडे वळूं. वडील अचानक रुग्णालयांत पडले, अथवा देवाघरीं गेले, तर काय? विजेचें बिल त्यांच्या नांवें, ई-मेल त्यांच्या फोनांत, विम्याच्या नूतनीकरणाचा निरोप त्या ई-मेलवर, मुलांच्या लहानपणचीं छायाचित्रें त्याच खात्यांत. आणि फोन कुलुपबंद. पूर्वीं अशा वेळीं तिजोरीची किल्ली देव्हाऱ्यामागें सांपडत असे. आतां कांहीं सांपडत नाहीं, आणि शोकाच्या दिवसांत आई व मुलें फोनापुढें अंदाज लावीत बसतात. पेटी निवडतांना ज्या घरानें हा विचार केला नाहीं त्यानें अर्धीच पेटी घेतली.

बिटवॉर्डनच्या सशुल्क प्रकारांत विश्वासू व्यक्ति नेमण्याची सोय आहे. तिनें मागणी केली, आणि ठरलेल्या दिवसांत धन्यानें नकार दिला नाहीं, कीं पेटी तिला उघडते. ॲपलनेंही २०२१ च्या अखेरीस वारस नेमण्याची सोय केली; परंतु त्या वारसास छायाचित्रें व पत्रें मिळतात, परवलीच्या शब्दांची पेटी मात्र मिळत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे. एक कागद घ्यावा. त्यावर कोणती पेटी वापरतों तें, तिचा मुख्य शब्द, फोनाचें कुलूप आणि मुख्य ई-मेल पत्ता हीं लिहावीं. कागद पाकिटांत घालून तें चिकटवावें, जोडावर सही करावी, आणि घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटांत ठेवावें. पाकीट कोठें आहे हें घरांतील एका तरी मोठ्या माणसास सांगावें. फोनाचा नंबरही चालू ठेवावा, कारण ओटीपी त्यावरच येतात. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्यास देऊं शकते. एक मात्र पक्कें समजावें, कीं बँकेंतील पैसा मृताच्या परवलीच्या शब्दानें काढावयाचा नसतो. त्याकरितां नॉमिनीचें नांव लावलेलें असावें, आणि तें आहे कीं नाहीं हें याच बैठकींत पाहून घ्यावें.

सुरुवात करतांना सर्व खातीं एका दिवसांत हलविण्याचा हव्यास धरूं नये. तिसऱ्याच खात्यापाशीं धीर सुटतो. पहिल्या संध्याकाळीं फक्त ई-मेलचा शब्द बदलून पेटींत ठेवावा, दुसऱ्या दिवशीं बँकेचा. बाकीचीं दारें जसजशीं वाटेंत येतील तसतशीं बदलावीं. बिल भरतांना बिलाचें, तिकीट काढतांना तिकिटाचें. पेटी लावून देण्याचें काम नातवानें किंवा नातीनें करावें. मात्र आजी मुख्य शब्द घालूं लागली कीं तोंड दुसरीकडे वळवावें, ती म्हणेल, "अरे, तुझ्यापासून कसलें गुपित!" तरी वळवावें. पाकिटावर त्या दिवसाची तारीख घालावी, आणि पुढें केव्हां मुख्य शब्द बदलला तर त्याच दिवशीं नवा कागद आंत घालून जुना फाडून टाकावा.